गव्हाचा प्रसाद

आंग मो किओ, सिंगापूर
३ मार्च २०२४

तीर्थरूप बाबांस,
मैत्रेयीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेजला तुम्ही नुसता अंगठा पाठवता, म्हणून पुन्हा कागद. इंजिनरूमने तुमचे कान नेले, त्याची शिक्षा माझ्या अक्षराला.

बातमी अशी की वन-नॉर्थला आमच्या ऑफिसमागच्या गल्लीत मला चक्क सायप्रसचं रेस्टॉरंट सापडलं. सहा टेबलं, ना गाणी ना टीव्ही. दाताखाली कुचकुच वाजणाऱ्या ज्या चीजच्या गोष्टी सांगून तुम्ही आम्हाला कडू मेथी खायला लावायचात, ते शेवटी खाल्लं. खरंच वाजतं.

पण माझी फजिती झाली. काउंटरवर शिजवलेले गहू होते, वर साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे. मला वाटलं प्रसाद. उजवा हात पुढे केला, डोळ्यांना लावून खाल्ला, वर तुमच्या नातीसाठी, इरासाठी, थोडा मागून घेतला. मालकीण देस्पिना बघतच राहिली. त्यांच्याकडे ते गेलेल्या माणसासाठी करतात, आणि खाणाऱ्याने ‘देव त्याला क्षमा करो’ म्हणायचं असतं. मीही म्हटलं. तिचे वडील स्ताव्रो जहाजावर यंत्रांना तेलपाणी करणारे ऑइलर होते, अडतीस वर्षांपूर्वी याच दिवशी इंजिनरूमच्या आगीत गेले. जहाजाचं नाव थेक्ला.

बाबा, तुमच्या नोकऱ्यांची नोंद असलेल्या त्या पुस्तकातली जहाजांची नावं आम्ही भावंडं, मी आणि प्रबोध, पाढ्यासारखी म्हणायचो. त्यात थेक्ला आहे. मी तसं सांगताच तिने माझे दोन्ही हात धरले. तुम्ही ओळखत होतात का त्यांना?

आईला नमस्कार. लोभ आहेच, उत्तर तेवढं लांबलचक असावं.
तुमची,
मैत्रेयी

अलिबाग
१४ मार्च

चि. सौ. मैत्रेयीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. आईचा गुडघा बरा आहे. इराला मराठी वाचायला बसवत जा.

जहाजावर माणसे येतात, जातात. सगळी लक्षात राहत नाहीत. त्या हॉटेलात पुन्हा जाऊ नकोस.

बाकी क्षेम.
बाबा

सिंगापूर
२५ मार्च

ती. बाबांस सा. न.

तुमचं सगळ्यात छोटं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. चाळीस वर्षांपूर्वीच्या पंपाचे नंबर तुम्हाला पाठ आहेत, आणि सोबत काम करताना जळून गेलेला माणूस लक्षात नाही? आई फोनवर सांगते, माझं पत्र आल्यापासून तुम्ही ताटावरून अर्धवट उठता.

मी गेले तिथे पुन्हा. रोज दुपारी ती दारात उभी असते, चुकवणार किती? कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं की स्ताव्रो कोणाला न विचारता आपला ट्रान्झिस्टर आणायला खाली गेला. तिच्या आईने त्यानंतर घरात रेडिओ येऊ दिला नाही. आजही म्हणते, एका खेळण्यापायी मेला आणि मला टाकून गेला. देस्पिनालाही गाणी सहन होत नाहीत. तिला एवढंच हवंय, ते खरं होतं का. बाबांना विचारते, असं मी कबूल करून बसलेय.

आता मी लांबच्या वाटेने एमआरटीचं स्टेशन गाठते. मला भीती वाटते, बाबा. काय असेल ते लिहा.

रागावलात तरी चालेल, गप्प राहू नका.
मैत्रेयी

अलिबाग
६ एप्रिल

चि. मैत्रेयीस आशीर्वाद.

तू ‘देव त्याला क्षमा करो’ म्हणालीस. क्षमा करावी असे स्ताव्रोने काही केलेच नव्हते.

मी थेक्लावर सेकंड इंजिनिअर होतो. सगळे मला ‘सेकंड’च म्हणत. तेलाची नळी फुटून आग लागली, आम्ही सगळे वर आलो. स्ताव्रोसुद्धा. तेल तोडणारी झडप डेकवरून तार ओढून बंद व्हायची, ती तार अडकली. कोणीतरी खाली जाऊन हाताने बंद करायला हवी होती. मी त्याला पाठवले. मला स्वतःला जाता आले असते. तू सहा महिन्यांची होतीस, हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगितले. ते आता तुझ्या माथी मारत नाही.

आग वाढली. कॅप्टनने गॅस सोडायचा हुकूम दिला. त्या गॅसने आग विझते आणि आत असलेल्याचा श्वासही. दार बंद झाले, गॅस सोडला गेला, बावीस माणसे वाचली. चौकशीत विचारले, तो खाली का गेला? मी म्हणालो, ट्रान्झिस्टर आणायला गेला असेल. त्यांनी ‘असेल’ गाळून टाकले आणि मी गाळू दिले.

ते चीज त्याच्याच घरून आलेले. गोष्ट त्याची, मी नाव तेवढे सांगत नसे.

हे तिला वाचून दाखव. नाही दाखवलेस तर तुला बोल लावणार नाही.
बाबा

सिंगापूर
२२ एप्रिल

ती. बाबांस,

आठवडाभर पत्र पर्समध्ये घेऊन फिरले. तुमचा राग आला, मग कीव आली, मग त्या कीवेचाच राग आला. इराला मांडीवर घेऊन बसले की तुमच्या पत्रातले ते सहा महिने आठवत.

काल वाचून दाखवलं, ओळ न् ओळ इंग्रजीत सांगत. देस्पिनाने शेवटपर्यंत ऐकलं. दाराची पाटी उलटी केली आणि सायप्रसमधल्या लिमासोलला आईला फोन लावला. बराच वेळ त्या दोघी बोलत होत्या. नंतर तिने सांगितलं, आई आधी हसली. अडतीस वर्षं ज्या माणसावर रुसून होते तो कामावर गेला होता, असं म्हणाली आणि मग रडायला लागली.

तुमच्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचा एकच प्रश्न आहे. खाली उतरताना तो काय म्हणाला?

मी तुमचीच आहे. पण आता काही लपवू नका.
मैत्रेयी

अलिबाग
३ मे

चि. मैत्रेयीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तो तू गृहीत धर. आईला सगळे सांगितले आहे. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आज चहा ठेवला.

स्ताव्रोच्या बायकोला हे असेच सांग, मऊ करून सांगू नकोस. तो शिडीपाशी थांबला, वळला आणि म्हणाला, “सेकंड, दार उघडं ठेवशील ना?”

मी म्हटले, “मी इथेच आहे.”

मी तिथेच होतो. दार मीच लावले.

बाबा