भोंगेवाल्या बाबांचं बोलणं

सर, तुमचा माहितीपट पुढच्या रविवारी दाखवणार आहेत. आहे तेवढाच, शेवटाशिवाय. सोबतच्या पत्रिकेतलं एक पान मी लिहायचं ठरलं, कारण आपल्या चित्रपट मंडळात वेळेवर मजकूर देणारा मी एकटाच उरलो आहे. परवा ते पान मागायला आपले हल्लीचे अध्यक्ष आले होते, तेच, लग्नाचं शूटिंग करणारे. म्हणाले, "कार्डाचं तेवढं लिव्हा. एका बाईच्या हातनं पुसलं गेलं म्हना. नाव नका घालू. पन शेवट का न्हाई, ते लोकांना कळाया पायजे." मी बरं म्हणालो. ते गेल्यावर दोन तास बसलो आणि एक ओळ लिहिता आली नाही. आयुष्यभर बातमीदारी केली, असं फारसं कधी झालेलं नाही. म्हणून हे तुम्हालाही लिहितो. कॅमेऱ्याचं ते कार्ड तिनं पुसलं नव्हतं. मी पुसलं होतं.

तुम्हाला सगळं मुळापासून सांगायची गरज नाही, पण मला सांगायची आहे. कोपरगावात तुमच्या चित्रकलेच्या वर्गात रविवारी जमणारे आपण पंधरा-वीस जण. कुणी शिक्षक, कुणी कारखान्यात फिटर, एक पाद्री, पुणतांब्याहून शिवणकाम सांभाळून येणारी ती. कुणालाही निर्माता मिळणार नव्हता, म्हणून सभासदांचा मिळून एक कॅमेरा, एक ट्रायपॉड, एक माईक आणि चित्रण साठवायची दोन मेमरी कार्डं. पेटी कपाटात, किल्ली खिळ्याला. कॅमेरा नेणाऱ्यानं शेजारच्या फळ्यावर खडूनं आपलं नाव लिहायचं. आणि तुमचा नियम असा, की जो शेवटी पेटी बंद करतो त्यानं चित्रण उतरवून घेऊन कार्ड पुसायचं. पहिल्याच महिन्यात मी भरलेलं कार्ड तसंच ठेवलं, तेव्हा तुम्ही मला घरी नेलंत. तुम्ही स्टोव्हपाशी उभे राहून पिठलं हलवताय, मी ओट्याला टेकून उभा आहे. तुम्ही वळूनही न बघता म्हणता, "अरे, पुढच्याला उष्टं ताट देतोस का तू?" मग मला पोटभर जेवू घालता. त्या दिवसापासून मी तो नियम सगळ्यांपेक्षा कडक पाळला. दुसऱ्यानं मोडला तर मला राग यायचा.

तुम्ही कारखान्याचा भोंगा वाजवणाऱ्या बाबांवर माहितीपट करत होता. पस्तीसेक वर्षं पाळी बदलायचा भोंगा त्यांनीच दिलेला. निवृत्त झाल्यावर ते कुणाशी फार बोलेनात. तिच्याशी मात्र बोलले. कानाला हेडफोन लावून ती त्यांच्या पायाशी बसायची आणि म्हणायची, "बाबा, सावकास बोला, मला घाई न्हाई." त्या संध्याकाळी ते पहिल्यांदाच कारखान्यातल्या त्या अपघाताबद्दल बोलले, ज्या दिवशी भोंगा अवेळी द्यावा लागला होता. तेच बोलणं माहितीपटाचा शेवट होणार होतं. तुम्हाला तिथंच ताप भरला. परत आल्यावर तुम्ही पेटी तिच्या हातात दिलीत, "कपाटात ठेव" म्हणालात आणि घरी जाऊन झोपलात. कार्ड कॅमेऱ्यातच होतं. चित्रण उतरवलेलं नव्हतं. तिनं पेटी ठेवली, कपाट लावलं आणि शेवटची एसटी गाठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीला पाणी चढलं होतं. दुपारच्या आत पुराचं चित्रण हवं, असा पेपरच्या कार्यालयातून फोन. मी धावत वर्गात आलो, किल्ली काढली, कॅमेरा सुरू केला, तर कार्ड भरलेलं. दुसरं कार्ड फिटर घेऊन गेला होता. काय आहे ते बघितलं नाही. कुणीतरी नियम मोडला म्हणून चरफडलो आणि पुसून टाकलं. काम उरकल्यावर माझं चित्रण उतरवून घेतलं, कार्ड पुन्हा पुसलं आणि बारा वाजायच्या आत पेटी जागेवर. फळ्यावर नाव लिहिलं नाही. तीन-चार तासांसाठी काय लिहायचं, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

रविवारी तुम्ही अजून अशक्त होता. ते बोलणं सगळ्यांनी मिळून ऐकू या म्हणालात आणि कार्ड लावलंत. पडद्यावर काहीच नाही. माझ्या हातात चहाचा कप आहे आणि मला कळलं आहे. तुम्ही फळ्याकडे बघता, तिथं फक्त तुमचं नाव. मग तिच्याकडे. "पेटी तू बंद केलीस ना?" ती म्हणते, "व्हय सर." "मग पुसायच्या आधी विचारायचं तरी. एवढंही कळू नये?" मागून फिटर म्हणाला, "लई नेटकं काम असतं यांचं, काही शिल्लकच ठेवत न्हाईत." दोघं-तिघं हसलेही. ती उभी राहिली. म्हणाली, "सर, मी पुसलं का न्हाई त्येच मला आठवंना वो. रोजची सवय, हात आपसूक करत्यात." हे ती स्वतःविरुद्ध बोलत होती, आणि मी तिला बोलू दिलं. पुसलेलं परत मिळतं का बघायला कार्ड पुण्याला पाठवलं, काही निघालं नाही. ती पुन्हा मंडळात आली नाही. महिन्याभरानं तुम्ही खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात दिलीत. "आता तू सांभाळ, तुझ्यावर भरवसा आहे." मी ती घेतली. तुम्ही माहितीपट पुरा केला नाहीत, दुसरा सुरूही केला नाहीत. तुमच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात तुमच्या उशाशी मी चार वेळा एकटा बसलो होतो. चारही वेळा पावसापाण्याचं बोललो.

काल राहात्याला गेलो. ती आता पेरूच्या बाजारात माल निवडायला असते. क्रेटवर बसून मोठे-बारके वेगळे करत होती, केस पांढरे झालेत. मला ओळखून म्हणाली, "दादा, पेपरात काय छापायचंय का पेरूचं? भाव पडलाय म्हनून छापा." मी कार्डाचं सांगितलं, पत्रिकेतल्या पानाचंही. ती पेरू निवडत राहिली. मग हात थांबले. म्हणाली, "मी कुलूप लावून चारदा माघारी येते. पोरं हसत्यात. गॅस बंद केला का, नळ बंद केला का. माझ्याच हातांवर माझा इस्वास न्हाई ऱ्हायला. आन् हे तुमचं हुतं?" मी मान हलवली. "सर व्हते तवा का न्हाई बोलला?" तिनं हातातला पेरू क्रेटमध्ये टाकला. मग म्हणाली, "पानात ल्हेवा. माझं नाव नगं, तुमचं छापा." रविवारी येशील का विचारलं, तर म्हणाली, "बाबांचं बोलनं माझ्या कानात हाय. तिथं येऊन काय ऐकू?" आणि क्रेट पुढं ओढला.

पान आज सकाळी लिहून छापखान्यात दिलं. माझ्या नावासह, चार वाक्यांत, विशेषणं न लावता. अध्यक्षांचा फोन आला, "आता कशाला उकरून काढता, सरांच्या घरचे येनार हायत," म्हणाले. शब्द बदलायचा नाही, असं मी छापखान्याला बजावलं आहे. ताप असताना तुम्ही कार्ड तसंच ठेवलंत, हे त्या पानात नाही. तुमची चूक माझ्या पानात नको, असं मी ठरवलं, आणि सकाळभर मला त्याचं बरं वाटत होतं.

पण हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून सांगतो. राहात्याच्या बाजारात, तिच्यासमोर उभा राहून, मी पहिलं वाक्य बोललो ते माझ्याबद्दल नव्हतं. मी म्हणालो, "सरांनी त्या दिवशी कार्ड भरलेलंच ठेवलं होतं."