पाठमोरी बाई

१२ जानेवारी, सोमवार
आमच्या कंपनीशेजारी, एमआयडीसीतल्या बंद शेडमध्ये कलाप्रदर्शन लागलंय. भाची तेजलचं काम त्यात आहे. एक बंद दार, दाराला भोक. डोळा लावला की आत पडद्यावर पाठमोरी बाई केस विंचरताना दिसते. याला इन्स्टॉलेशन म्हणतात. सोसायटीत कुजबुज. बबनराव म्हणाले, "मधूभाऊ, तुम्ही पोथी वाचणारे. तुम्ही अश्लील म्हणालात की शेडमालकाकडे तक्रार. रविवारी दार बंद." पोरीची वर्षभराची मेहनत माझ्या एका शब्दावर. निश्चय: आपण डोळा लावायचा नाही.

१३ जानेवारी
न पाहता निवाडा करणं पाप. पाहिलं. चप्पल बाहेर काढली, सवयीनं. गाभारा बंद असला की आपण फटीतून मुखदर्शन घेतोच. इथे मुख दिसलं नाही, सबब मत अपूर्ण.

१५ जानेवारी
शिफ्ट सुटल्यावर पुन्हा. आज ती किंचित वळली. मागचा म्हणाला, "चाचा, आगे बढो, औरों को भी देखना है." लोकांत एकाग्रता उरलेली नाही.

१७ जानेवारी
हाफ डे टाकला. निव्वळ अभ्यास. तेजलनं विचारलं, "मामा, आवडतंय ना?" म्हटलं, चौकशी चालू आहे. संध्याकाळी निर्णय पक्का: अश्लील. भाची असली तरी उद्या सगळ्यांसमोर सांगणार.

१८ जानेवारी, रविवार
सोसायटीची मंडळी आली, आमची सुनंदाही. मी घसा साफ केला. तेजल म्हणाली, "मामा, आधी पलीकडची खोली बघा, आजच उघडलीय." भिंतभर व्हिडिओ. भोकाला डोळा लावणारे सगळे. मी चप्पल काढताना, मी मान वाकडी करून, मी गुडघ्यांवर. माझ्यानंतर भोकाशी बबनराव, तोंडाला रुमाल बांधून. दारावर 'कॅमेरा चालू आहे' अशी मोठी पाटी होती म्हणे. माझं लक्ष भोकाकडे.

तक्रारीचं नाव कोणी काढलं नाही. बबनराव म्हणाले, "कला आहे, मधूभाऊ. कळायला वेळ लागतो."

सुनंदा खुर्ची ओढून भिंतीसमोर बसली, उठेना. "अहो, मला बघायला आलात तेव्हाही इतकं निरखून पाहिलं नव्हतंत." मी समजावलं, दुसऱ्याला असं चोरून बघणं बरं नव्हे.

निघताना तेजलला हळूच विचारलं, बाई पूर्ण कधी वळते. म्हणाली, "मामा, ती वळतच नाही. एका मिनिटाचा व्हिडिओ आहे, तोच फिरून फिरून लागतो."

पोरीला स्वतःच्याच कामाची नीट माहिती नाही. प्रदर्शन आठवडाभर वाढवलंय. कोणीतरी जबाबदारीनं बघायला हवं.