नारळांचा तिसरा हिस्सा

ब्रिस्बेन, मंगळवार

बाबा, तुम्हाला आपल्या बेटावरचा नमस्कार, माउरी!

मी मजेत आहे. वैमानिकाच्या लेखी परीक्षेला नऊ दिवस उरलेत, आणि या खेपेला झोपही लागते.

काल सरावाला गणित होतं: समुद्रावर किती इंधन संपेपर्यंत गेलं, तर घरी परतता येईल? मी म्हटलं, निम्मं. सर हसले, "जाताना वारा पाठीशी, म्हणजे येताना तोंडावर. बुडालीस की!"

पुन्हा मांडलं. उत्तर आलं, तिसरा हिस्सा. लगेच तुमची होडी आठवली. वारा पाठीशी असला की पाण्याऐवजी सोबत घेतलेल्या नारळांचा तिसरा हिस्सा पिऊन होताच तुम्ही होडी वळवायचात, आणि मी "भित्रे बाबा!" म्हणून चिडवायचे. शाळेची पायरीही न चढता हे कुठून आलं तुम्हाला?

खोकला कसा आहे? आईला खरं सांगता ना?

परीक्षेत मी आधी नारळच मोजणार.

तुमची, तेव्हा हसलेली,
तेरेतिया