राजन ऑनलाइन आहे

८ सप्टेंबर २००५, गुरुवार
सुट्टी. हवा इतकी दमट की लिफ्टमधून बाहेर पडलो आणि चष्मा आंधळा. आखातातलं हे अख्खं मंगफ गाव ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखं.
आजपासून पुन्हा गेम सुरू. फेब्रुवारीत राजन गेला, त्यानंतर उघडलाच नव्हता. कारण भावनिक वगैरे नाही. वेळ नव्हता.
राजन वरच्या मजल्यावर राहायचा. माझ्याच प्लांटला, नाशिकचा. रोज संध्याकाळी तो वरून आणि मी खालून, कॉम्प्युटरवर बिलियर्ड्स. मध्ये फक्त एक स्लॅब, पण शॉट यायचा अमेरिकेतल्या सर्व्हरला वळसा घालून. हरला की तो पाय आपटायचा. माझी ट्यूबलाइट हलायची. ट्यूबलाइट बरीच हलायची.
दर्शना म्हणते, पोरखेळ. बायकोला फिजिक्स समजावणं अवघड. बॉलचा स्पिन, कुशनवरून उसळण्याचा कोन, कापडाचं घर्षण, सगळं खऱ्या टेबलासारखं आहे. उद्या कोणी खरी क्यू, म्हणजे बिलियर्ड्सची काठी, हातात दिली तरी मी खेळेन.
संकल्प : वर्षअखेर रँकिंगमध्ये पहिल्या शंभरात.

९ सप्टेंबर, शुक्रवार
दर्शनाचा शुक्रवारचा फोन. नाशिकला, शामलावहिनींना. राजन गेल्यावर त्या सगळं सामान बांधून तिकडे गेल्या. दर्शनाने नेहमीसारखा रिसीव्हर माझ्याकडे केला. मी नेमका कचरा टाकायला निघालो होतो. परत येऊन बघतो तर फोन संपलेला.
दर्शना म्हणाली, अहो, सात महिन्यांत एकदा तरी बोला त्यांच्याशी. मी म्हणालो, माझा आवाज ऐकला की त्यांना राजन आठवेल. उगाच त्रास. मी त्यांचा विचार करतो, हे दर्शनाला दिसत नाही.
शिवाय तेव्हा मी केलं ते कमी होतं का? राजनला घरी पाठवायची कागदपत्रं कंपनीच्या मंदूबाने, म्हणजे सरकारी कामं करून देणाऱ्या माणसाने केली, पण प्रत्येक ऑफिसात त्याच्या शेजारी मीच उभा होतो. मंदूब दोनदा म्हणाला, प्रसाद, तू घरी जा. गेलो नाही. गाडीत एसी होता.

१२ सप्टेंबर, सोमवार
गेममध्ये जो ऑनलाइन असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. आज यादी बघत होतो. एक ब्राझीलवाला, दोन पोलंडवाले, आणि खाली ‘राजन_मंगफ’. हिरवा ठिपका.
कॉम्प्युटर बंद केला. व्होल्टेज वरखाली होत असावं.

१३ सप्टेंबर, मंगळवार
मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. मीटर चुकीचं रीडिंग देतो तेव्हा आपण मीटर तपासतो, घाबरत नाही. सर्व्हरवर जुना डेटा अडकला आहे, इतकंच.
कॉम्प्युटर बेडरूममधून हॉलमध्ये हलवला. हॉलचा एसी चांगला आहे. स्क्रीनवर मारुतीचा फोटो लावला. रंग उत्तम दिसतात.

१६ सप्टेंबर, शुक्रवार, संध्याकाळ
आज ओवीला शेजारी बसवलं. मुलगी सातवीत आहे, तिला कोन कळायला हवेत.
‘राजन_मंगफ’कडून खेळायचं आमंत्रण. मला ‘नको’ दाबायचं होतं. बोट घसरलं.
समोरच्याची क्यू आपल्याला स्क्रीनवर हलताना दिसते. राजनची एक खोड होती. शॉट घ्यायच्या आधी क्यू टेबलाभोवती पूर्ण एक चक्कर फिरवायचा, सोप्या शॉटलासुद्धा. देवाला प्रदक्षिणा घालावी तशी. मी वैतागायचो.
आज क्यू हलली. थांबली. आणि सावकाश टेबलाभोवती फिरायला लागली.
माझा शॉट चुकला. लगेच खाली अक्षरं उमटली, ‘नाइस शॉट’. गेममध्ये त्याचं तयार बटण असतं. मी चुकलो की राजन हमखास तेच दाबायचा.
मी मागची वायर काढली.
ओवी म्हणाली, बाबा, आर यू स्केअर्ड? म्हटलं, लाइन गेली. ती म्हणाली, यू पुल्ड इट. मुलांना इंग्लिश मीडियममध्ये घालू नये.

१९ सप्टेंबर, सोमवार
दर्शना कालनिर्णयासारखं सगळं तोंडपाठ सांगते. आज पितृपक्ष लागला म्हणे. याचा कशाशी संबंध नाही.

२२ सप्टेंबर, गुरुवार
राजनचं आपल्याकडे काही राहिलं आहे का, याचा विचार केला. त्याची ड्रिल मशीन परत केली होती. इस्त्रीही. मग का?
सकाळी बाल्कनीत भात आणि वडा ठेवला. वडा दर्शनाने केला, विचारलं काही नाही, नुसतं बघितलं. आमच्या बाल्कनीत कावळा कधी येत नाही. दोन कबुतरं आली. कबुतरांनी खाल्लेलं पोचतं का, हे विचारायचं कोणाला? पलीकडे सालमिया भागात एक गुरुजी आहेत, पण ते दिवसा एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये असतात.
संध्याकाळी ठिपका पुन्हा हिरवा. म्हणजे नाही पोचलं.

२५ सप्टेंबर, रविवार
वर पाय आपटल्याचा आवाज. ट्यूबलाइट हलली. जेवता जेवता मी उठून उभा राहिलो, आणि सवयीने तोंडातून निघालं, काय रे, हरलास?
ओवी हसली. दर्शना हसली नाही. म्हणाली, वर कालपासून इजिप्तचं कुटुंब आलंय, त्यांना तीन मुलं आहेत. मला माहीतच होतं.
नंतर भात गेला नाही. उकाड्याने.

२९ सप्टेंबर, गुरुवार
आज निर्धार. पळायचं नाही. जे काय असेल त्याला हरवायचं. राजनला मी हरवत आलो आहे, त्याच्या भुताला का नाही?
खेळलो. पुन्हा ती प्रदक्षिणा. पण एक गोष्ट लक्षात आली. शॉट राजनचे नाहीत. राजन दणकून मारायचा. हा हलक्या हाताने मारतो. बॉल पॉकेटच्या तोंडाशी जाऊन क्षणभर थांबतो आणि मग आत पडतो. मेल्यावर माणूस शांत होत असेल.
हरत आलो होतो. लाइन गेली.
झोपताना दर्शनाला सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं हसेल. ती उठून बसली. मग म्हणाली, असेल तो, तर बोला की त्याच्याशी. पळता कशाला?
उठलो. पाणी प्यायलो.

३ ऑक्टोबर, सोमवार
सर्वपित्री. मुद्दाम आजचा दिवस निवडला असं नाही. ऑफिसातून लवकर निघालो, अंघोळ केली, बसलो.
ठिपका हिरवा. गेम सुरू व्हायच्या आत मी चॅटमध्ये टाइप केलं. दोनदा चुकीचं टाइप झालं, एसी फार गार होता. लिहिलं : राजन, तू आहेस का?
एसी दोन अंश वाढवला. मग एकेक अक्षर शोधून टाइप करावं तसं, हळूहळू :
भावजी, मी शामला.
मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
मग वहिनींनी लिहिलं, तुकड्यातुकड्यांनी. ह्यांचा कॉम्प्युटर तिथूनच आणला होता. तो चालू केला की गेम आपोआप ह्यांच्या नावानेच उघडतो. ह्यांच्या शेजारी बसून मी रोज भाजी निवडायचे, बघून बघून आलं. लिहायचं कुठे ते कालच मुलाने दाखवलं, तोवर ते एक ‘नाइस शॉट’चं बटण तेवढं माहीत होतं, हे दाबायचे ते. शॉट मारायच्या आधी चक्कर मारावीच लागते ना?
मी लिहिलं, हो.
मग त्या म्हणाल्या, फोनवर तुम्ही येत नाही. म्हटलं, इथे तरी भेटाल. पण तुमच्याकडे लाइन फार जाते का हो?
मी लिहिलं, हो, फार.
दर्शना कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. वाचून तिने डोळ्यांना पदर लावला. माझ्या डोळ्यांत स्क्रीनमुळे पाणी येत होतं. सतत बघू नये म्हणतात.
जाता जाता वहिनींनी अजून एक लिहिलं. हे म्हणायचे, प्रसादकडून मी मुद्दाम हरतो. तो हरला की दोन दिवस नीट जेवत नाही.
मी जेवणाच्या बाबतीत असं कधीच करत नाही. दर्शनाला विचारलं. ती स्वयंपाकघरात गेली.

४ ऑक्टोबर, मंगळवार
दिवसभर विचार करून ठरवलं. राजन माझ्यासाठी हरत होता, तर आता मी वहिनींसाठी हरणार. मोठेपणा कोणीतरी दाखवायला हवा. पद्धत पक्की केली : आधी तीन-चार बॉल घ्यायचे, त्यांना जरा धास्ती वाटू द्यायची, आणि शेवटचा काळा हळूच चुकवायचा. समजणारसुद्धा नाही.
ब्रेक वहिनींचा. टेबलाभोवती एक चक्कर. एक बॉल गेला. पुन्हा चक्कर. दुसरा गेला. मी माउसवर हात ठेवून तयार बसलो होतो. तिसरा. चौथा. ओवी येऊन बसली, दर्शना येऊन बसली. उरलेलेही गेले. शेवटी काळा पॉकेटच्या तोंडाशी थांबला, आणि पडला.
माझी पाळीच आली नाही. हरायची संधीच मिळाली नाही.
वहिनींनी लिहिलं, भावजी, मुद्दाम हरलात ना?
मी लिहिलं, हो.
थोड्या वेळाने त्यांचं उत्तर आलं : हेही अगदी असंच म्हणायचे.
ठिपका विझला. तेव्हापासून बसून आहे. म्हणजे राजन मुद्दाम हरत होता की खरंच हरत होता? आता विचारायचं कोणाला.