शैलाच्या टाकीत कोण आहे

४ नोव्हेंबर
शैलाच्या टाकीत पिल्ले. सकाळी बारा मोजली. नर गप्पी गणपतीत मेला, तेव्हापासून मादी एकटीच, तरीही पिल्ले. असे होते का, हे शैलाला माहीत असणार. ती मे महिन्यात गेली. तिच्या हातचा हा एकच मासा राहिला आहे.

५ नोव्हेंबर
चौक गावच्या शोभेच्या मासेवाल्याला फोन. म्हणाला, आईच पिल्लं खाते, आडोसा द्या. दहिवलीच्या पुलाजवळ भाजी घेऊन बसते ती हिराबाई, वाडीवरची. तिने ओढ्यातले पाणगवत आणून दिले. "पिळून, झटकून घाला, दादा. त्यात काय बी आसतं."
पिळवेना. तसेच सोडले.

९ नोव्हेंबर
पिल्ले सात. काचेवर खसखशीएवढे करडे ठिपके. भिंग लावले. ठिपके चालतात.

१० नोव्हेंबर
पाच. संशय ठिपक्यांवर. त्यांचा फोटो मुलाला, निनादला पाठवला. बंगळूरहून फोन, दोन मिनिटे. "बाबा, काही दिसत नाहीये त्यात. टाकी देऊन टाका ना कुणाला तरी." बघू म्हटले.
दुपारी टाकी उपसली, काचा मिठाने घासल्या. गवत हलक्या हाताने विसळून परत. पिल्लांना तेवढाच आसरा.

१२ नोव्हेंबर
ठिपके गेले. पिल्ले तीन.
संपादक असताना नवीन पोरांच्या बातमीवर वर्षानुवर्षे एकच शेरा मारला: दुजोरा कुठे? आणि इथे एका भिंगावर निकाल देऊन मोकळा.
गुरुवारच्या सदराचा मजकूर आज पाठवायचा होता. पाठवला. कशावर लिहिला, आठवत नाही.

१३ नोव्हेंबर
गवताच्या एका काडीला डोळे आहेत. बोटाच्या पेराएवढी, शेपटीला तीन पाने. पाऊण तास खुर्ची लावून बसलो. हलली नाही. पिल्लू जवळून गेले. जबडाच हातासारखा पुढे आला, आणि

दोन.

१४ नोव्हेंबर
प्राणी जॅमच्या बाटलीत घालून हिराबाईकडे. तिने बाटली उन्हात धरली.
"आवो दादा, चतुराचा पोर हाय हा. बारका चतुर, काडीवानी, पंख मिटून बसतो ना, त्याचा. आता पान्यात, मंग उडंल."
"पिल्लं खाल्ली याने माझी."
"मंग काय भाकरी खाईल? पिळून घाला बोलले व्हते. तुमी गवताला बाळावानी आंघोळ घातलीत!" शेजारची मेथीवालीही हसली. "मारू नका. मच्छराची पिल्लं घाला, खाईल."

दुसरा दुजोरा हवा म्हणून निनादला फोन. खरे तर हिराबाईचा पुरेसा होता. या वेळी फोटो स्पष्ट. त्याने कुठेतरी शोधले, मला वाचून दाखवले. हिराबाईचे बरोबर. ठिपक्यांचेही निघाले: इवल्या शिंपल्यासारख्या कवचात राहणारे सूक्ष्म जीव, कुणाला काही करत नाहीत.
"आईनं एका नजरेत ओळखलं असतं," तो म्हणाला. नंतरही फोन त्याने ठेवला नाही. मीही.

१५ नोव्हेंबर
शुद्धिपत्र. ठिपके निर्दोष होते. गुन्हेगार मीच घरात आणला, धुऊन परत जागेवर ठेवला. शैला, चूक माझी.

१९ नोव्हेंबर
बाटली लिहायच्या टेबलावर. आत एक काडी उभी केली आहे. कुंडीखालच्या ताटलीत डासांच्या अळ्या मिळतात. सकाळी उठून करायला काम झाले. आज त्याला पहिला परिच्छेद वाचून दाखवला. हलला नाही.

२४ नोव्हेंबर
दोन दिवस खात नाही. काडीवर चढून पाण्याबाहेर डोके काढतो. निनादचा मेसेज: उडाला का? आठवड्यात तिसऱ्यांदा. उडाल्यावर विचारायला काय उरेल त्याला?

२७ नोव्हेंबर
बाजारातून आलो तर काडीवर नुसती कात. पाठीला चीर, पाय अजून घट्ट धरलेले. बाटलीवर फडके बांधायला हवे होते. खिडक्या सकाळपासून बंद होत्या, म्हणजे घरातच आहे. पडदे, पुस्तकांमागे, शैलाच्या फोटोच्या वर, सगळीकडे पाहिले.
पिल्ले दोन. दोनदा मोजली.
खिडकी उघडली आहे. निनादला अजून कळवले नाही.
उकडते आहे. पंखा लावलेला नाही.