छापील पुडा

मास्तर, तुमी जाऊन तीसेक वर्सं झाली असतील. मी तुमच्या शाळंत चौथीपातुर बी धड टिकलो न्हाई, तरी तुमालाच लिवतोय. दुसऱ्या कुणाला सांगितलं की लोक समजूत घालाय बसत्यात. ती मला नगं.

एक दिवस ध्यानात हाय. मी पुस्तक म्होरं धरून धडा पाठ म्हनतोय, नजर खिडकीभाईर. तुमी पुस्तक वढून घेतलं आन् म्हनला, "लिहिलंय ते वाच. मनचं सांगू नकोस." समद्या वर्गाम्होरं. लई लागलं व्हतं. तवापासनं छापल्या अक्षरावर माझा इस्वास. एष्टीची पाटी, खताचं पोतं, काय बी असू दे, मी वाचायचो आन् गावाला सांगायचो.

परसाली माझ्या मंडळीला मधुमेह निघाला. पौडच्या डाक्टरनं सांगितलं, गोड बंद, भात घासभर, भाकरी-भाजी खा. मी गुळाचा डबाच भावाच्या घरी नेऊन दिला, उगं चर्चा नगं. पन आमच्या भाताच्या मुलखात भात सुटला की माणूस निम्मं उपाशी. ती ताटावरनं उठायची आन् परत चुलीम्होरं जाऊन बसायची. पोट भरत न्हाई म्हनायची, बाजारातनं मूठभर फुटाणं तरी आना. मी वराडलो, फुटाणं काय आजाऱ्याचं खाणं हाय व्हय, माकडं खात्यात.

पौडच्या दुकानात उभा हाय मी. फुटाण्याची रास हाय, बरणीत खारी बिस्किटं हायेत, पन कशावरच काय लिवलेलं न्हाई. कुणाच्या हातचं हाय कुणास ठाऊक. वर फळीवर बिस्किटांचं छापील पुडं. एकावर नुसतं इंग्रजी. दुसऱ्यावर गुबगुबीत पोर, आन् खाली मराठीत, ग्लुकोज, शक्तीसाठी. आजाऱ्याला भेटाय जाताना समदी ह्योच पुडा नेत्यात. ग्लुकोज म्हंजी मला वाटलं औषधाचंच नाव. तीन पुडं घेतलं.

तिनं एक तोंडात घातलं आन् थांबली. "अवं, ही तर गोड हायेत."

मी पुडा तिच्या नाकाम्होरं धरला. "लिवलंय ते बघ. अक्षर कळतंय का तुला? मनचं सांगू नगंस."

तिनं खाल्लं. सकाळी चार, दुपारी चार. दर बाजाराला नवं पुडं, असं सा म्हैनं. तिची तहान वाढली, मी घागर उशाला ठिवली. तिला चालवंना, तर म्हनलं अशक्तपणा हाय, आनखी दोन खा. ती बिस्किटं चटणी-भाकरीसंगं खा म्हनलो असतो तरी तिनं खाल्लं असतं.

लावणीत पायात काटा मोडला. जखम भरंना, काळी पडत गेली. डाक्टरनं इचारलं काय खाती, तर मी पिशवीतनं पुडा काढून दावला, ऐटीत. त्यानं तो उलटापालटा केला. मग हळूच म्हनला, "आजोबा, ग्लुकोज म्हणजे साखरच हो."

तीच खाटंवरनं बोलली. "त्यांना काय म्हनू नगा, डाक्टरसायेब. त्यांनी वाचून आनलं व्हतं."

पुण्याला नेली. पाय कापला. दसऱ्याच्या आत गेली.

लोक म्हनत्यात, तिचं तेवढंच व्हतं. मी तोंड फिरवतो. आता घरात दोन माणसांचा भात शिजतो, सवयीनं, आन् मी निम्मा कुत्र्याला घालतो.

खरं सांगतो मास्तर, हे तुमच्यावर ढकलावं म्हनूनच लिवाय बसलो व्हतो. तुमी शिकवलं तसं केलं, असं लिवनार व्हतो. पन ते बी खोटं हाय. म्हनून ह्यो कागद कुटं टाकनार न्हाई, आन् टाकू तरी कुटं. त्या पैल्या दिशी पौडात एष्टीची वाट बघताना मी एक पुडा फोडला व्हता. एक बिस्किट खाल्लं व्हतं. गोड व्हतं. मला कळलं व्हतं.