हाताचा क्लच

नौपाडा, ठाणे
१७ नोव्हेंबर १९५६

प्रिय दादा,

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. उत्तराला पाच दिवस लागले, रागावू नकोस. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण सकाळची फुलं अजून स्वतःच तोडते. तू पाठवलेलं मासिकाचं पान मी तिला वाचून दाखवलं. फोटो छान आला आहे. हूड मागे दुमडलेलं, तुझा एक हात स्टिअरिंगच्या चाकावर, शेजारी चित्रावहिनी. खाली छापलंय की, युद्धात पाय गमावलेल्या या जिद्दी तरुणाने मोडीत निघालेली गाडी घराच्या परसात एकट्याने उभी केली. आईने विचारलं, "एकट्याने म्हणजे गं?" मी म्हटलं, "छापणारे काहीही छापतात." तिचं समाधान झालं. माझं झालं नाही, कारण पुढची ओळ तुझ्या तोंडची म्हणून दिली आहे आणि त्यातही तोच शब्द आहे.

अठ्ठेचाळीसच्या फेब्रुवारीत ती गाडी आपल्या दारात आली तेव्हा तिला गाडी म्हणणं धाडसाचंच होतं. कल्याणच्या लष्करी छावणीतला कुणी मेजर विलायतेला परत गेला, त्याची ही दोन माणसांची उघडी एम.जी. दोन वर्षं पत्र्याखाली सडत पडली होती. लिलावात ती तू घेतलीस आणि ट्रकवर घालून आणलीस. गादीत उंदरांनी घर केलं होतं, तळाच्या फळ्या हात लावला की भुगा होत होत्या, चाकांच्या निम्म्या तारा तुटलेल्या. पण त्या दिवशी तू ट्रकवरून खाली उतरलास आणि आईकडे गरम चहा मागितलास. तुला आठवणार नाही, आम्हाला आठवतं. ब्रह्मदेशच्या आघाडीवरून डावा पाय मांडीपासून गमावून आल्यावर दोन वर्षं तू भिंतीकडे तोंड करून पडून होतास. काही मागत नव्हतास. म्हणून आईने पडवळाचा मांडव मुकाट्याने मोडू दिला आणि तिथे गाडीसाठी शेड उभी राहिली. माझं कॉलेज तुझ्या आजारपणात सुटलंच होतं. मला वाटलं, चला, कशासाठी तरी सुटलं.

काळुरामभाऊ त्या महिन्यातच आले. पत्रात तू त्यांचा उल्लेख 'तो आगरी फिटर' असा केला आहेस, म्हणून पुन्हा सांगते. काळुराम भोईर, कोपरीचे. घरचे सगळे मिठागरात राबणारे, हे एकटे युद्धाच्या दिवसांत लष्कराच्या मोटार वर्कशॉपमध्ये शिकून फिटर झालेले. स्टेशनजवळच्या गॅरेजात नोकरी, आणि रविवारी आपल्याकडे. तेव्हा तू त्यांना मित्र म्हणायचास. मीही त्यांना 'अरे काळुराम' म्हणत असे. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस, पण ते तेव्हा कुणालाच खटकत नव्हतं. त्यांनी इंजिन सुटं करून आपल्या ओसरीवर मांडलं. एकेक तुकडा रॉकेलमध्ये धुऊन पुसायचं काम माझ्याकडे. सहा महिन्यांत मला झडपा घासून बसवता यायला लागल्या. मला पाहायला आलेल्या डोंबिवलीच्या मंडळींनी माझी नखं बघून विचारलं होतं, मुलगी घरी काय करते? आई म्हणाली, शिवणकाम. तेही खोटं नव्हतं. तंबूच्या कापडाचं हूड मीच शिवलं. मशीनच्या अकरा सुया मोडल्या, मग चांभाराकडून आरी आणून हाताने टाके घातले. ती मंडळी पुन्हा आली नाहीत. तेव्हा आपण दोघं त्यावर हसलो होतो. मी आता अठ्ठावीस वर्षांची आहे.

गाडी सुरू झाली तरी तुला ती चालवता येणार नव्हती. क्लच डाव्या पायाचा, आणि लाकडी पायाला तो किती दबला हे कळत नसे. दोनदा तू शेडचा खांब पाडलास आणि कुबडी फेकून दिलीस. तुला दरवाजा रुंद करून दिला, बसायची जागा चार बोटं उंच केली, कुबडी अडकवायला कडी बसवली, पण क्लचपाशी सगळं अडलं होतं. त्यावर उपाय कुणाला सुचला, दादा? मिठागरात खाडीचं पाणी अडवायला लाकडी दार असतं. भरतीच्या पाण्याचा केवढा दाब, तरी एकटा माणूस लांब दांड्याने ते उचलतो. काळुरामभाऊ खडूने आपल्या ओसरीवर ते चित्र काढून म्हणाले, "सायेब, पायाचं काम हातानं करू. दांडा लांब घ्यायचा, येवढंच." गियरच्या दांड्याला लागून दुसरा दांडा, तळव्याने खाली दाबला की क्लच सुटेल आणि त्याच हाताच्या बोटांनी गियर बदलता येईल. तू म्हणालास, जमायचं नाही. आठ महिने ते लोखंड कापत, वाकवत, टाकून देत राहिले. तू खुर्चीवर बसून 'आणखी किती दिवस?' विचारत राहिलास. तू काहीच केलं नाहीस असं मी म्हणत नाही. घासून रंग तू दिलास, आणि तो सुंदर दिलास.

मग एक्कावन्नचा मे, रविवार दुपार. पुढची चाकं ओंडक्यांवर चढवून काळुरामभाऊ खाली पडून दांड्याची सळई जोडत होते. तू वर बसून नव्या दांड्याशी चाळा करत होतास. पुढच्या आठवड्यात पुण्याच्या कंपनीची मुलाखत, आणि तुला तिथे गाडी चालवत जायचं होतं. मी ओसरीत हूडची शेवटची कड शिवत होते, पंधरा पावलांवर. तू विचारलंस, "दाबू का स्टार्टर?" खालून आवाज आला, "थांबा!" आणि तू दाबलास. गाडी गियरमध्ये होती. ती झटक्यासरशी पुढे आली आणि ओंडक्यांवरून खाली बसली. काळुरामभाऊंचा उजवा हात पुढच्या चाकांच्या आसाखाली होता. त्यांनी आरडाओरडा केला नाही, नुसतं "ताय, उचला" म्हणाले. मी आणि शेजारच्या परशुरामकाकांनी पहार घालून गाडी उचलली. दवाखान्यात तीन बोटं काढली.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला हवालदार आला. तू म्हणालास, त्यानेच खालून 'दाबा' म्हटलं, म्हणून दाबलं. हवालदार माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही काय ऐकलंत?" तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. भिंतीकडे पाहत होतास. ती तुझी मान, ते भिंतीकडे वळलेलं तोंड मी दोन वर्षं पाहिलं होतं. मला वाटलं, आता हा पुन्हा खाटेवर जाऊन पडेल आणि या वेळी उठणार नाही. मी म्हटलं, "'दाबा' असंच ऐकू आलं." दोन शब्द सारखेच वाटतात, नाही का? पुढे कित्येक दिवस मी स्वतःलाही तेच सांगत होते. हवालदाराने लिहून घेतलं की फिटरच्या स्वतःच्या चुकीने अपघात झाला. आई आतून ऐकत होती. तीही गप्प राहिली.

त्यानंतरचं तुला बहुतेक माहीत करून घ्यायचं नव्हतं. पंधरा दिवसांनी काळुरामभाऊ हाताला फडकं गुंडाळून आले, ओसरीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, काम अर्धवट सोडवत नाही. त्यांनी सांगायचं आणि मी करायचं, असं करत सळईचे शेवटचे नट मी आवळले. तू त्या दिवशी घरात झोपून होतास, डोकं दुखतंय म्हणून. कंपनीने मुलाखत पुढे ढकलली होती, म्हणून तुला हवं होतं तसंच झालं, तू गाडी चालवत पुण्याला गेलास. जाताना त्यांना म्हणालास, "तुझ्यासाठी मी काहीतरी नक्की बघतो." गॅरेजवाल्याने त्यांना काढून टाकलं, कारण पंचनाम्यात चूक त्यांचीच ठरली होती. ते मिठागरात परत गेले. बोटं तुटलेला हात मिठाच्या पाण्यात घालून काम करणं म्हणजे काय, ते मला त्यांच्या बायकोने, ठमाबाईंनी एकदा बाजारात भेटल्यावर सांगितलं. मी भाजी घेतल्यासारखं करून निघून आले. तुला त्यानंतर तीन पत्रं लिहिली. तुझ्या उत्तरांत पुण्याची हवा होती, चित्रावहिनींचं माहेर होतं, काळुरामभाऊंबद्दल एक ओळ नव्हती.

आता तू पाठवलेल्या छापील कागदाबद्दल. पाय गेलेल्या शिपायांसाठी हा हाताचा क्लच मुंबईची एक कंपनी बनवणार, ही बातमी खरंच चांगली आहे. तो बनायलाच हवा. पण त्यांना हमी हवी आहे की ही कल्पना आणि हे काम एकट्या आनंदचं, म्हणजे तुझं आहे, आणि घरातला प्रत्यक्षदर्शी म्हणून खाली माझी सही हवी आहे. 'फक्त सही करून उलट टपाली पाठव' असं तू लिहिलंस. तुला खात्री होती, आणि ती खात्री मीच तुला दिली होती. म्हणून बुधवारी मी कोपरीला गेले. ठमाबाई आतच बसून राहिल्या, पाणीसुद्धा विचारलं नाही. योग्यच केलं. मी काळुरामभाऊंना सांगितलं की त्या दिवशी मी 'थांबा' ऐकलं होतं, स्पष्ट ऐकलं होतं. ते मग म्हणाले, "ताय, मना तवाच ठावं व्हतं. वाटलं, आज ना उद्या बोलाल." पाच वर्षं, दादा. मी क्षमा मागितली, त्यांनी ती दिली नाही. मी त्या कंपनीला काय लिहू, असं विचारल्यावर म्हणाले, "नाव लिवा. माझं आन् माझ्या बापाचं पन. पुरं लिवा." काल मी लिहिलं आहे. हा क्लच काळुराम धोंडू भोईर, राहणार कोपरी, यांनी योजला आणि बनवला. तो बनवताना त्यांची बोटं कशी गेली आणि मी त्याबद्दल काय खोटं सांगितलं, तेही लिहिलं आहे. त्याखाली माझी सही आहे. नक्कल सोबत जोडली आहे, तुला बाहेरून कळू नये म्हणून. तुझा कागद सहीविना परत पाठवते आहे. तुला राग येईल, आईला पत्र लिहून माझी तक्रार करशील. जरूर कर, ते पत्रही मीच तिला वाचून दाखवेन.

'तुझीच' लिहायला आज हात धजत नाही.

तुझी बहीण,
सुमेधा